बर्फावरचं पाऊल

श्रोते हो, नमस्कार.

आपल्याकडे डोंगर चढणाऱ्याला घसारा चांगला ठाऊक असतो. कुठे पाय सरकेल, कोणत्या दगडावर भार टाकायचा, हे तळव्यांनाच कळतं. पण कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कात, भर हिवाळ्यात बेअर लेकच्या काठावर उभी राहिले आणि माझ्या तळव्यांना काही कळेनासं झालं. दगड नाही, माती नाही, नुसता भुसभुशीत बर्फ. उंची 2,888 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर जास्त, आणि चालायला सुरुवातच इथून.

पायांत स्नोशू बांधले होते. लांबट चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, खाली धातूचे दात. बूट पट्ट्यांनी आवळायचा, टाच मात्र मोकळी. अंगाचा भार मोठ्या जागेवर पसरतो, म्हणून माणूस फारसा रुतत नाही. हे मी वाचलेलं होतं, पण पटलं ते वाटेतल्या निम्फ लेकपाशी. उजवी पट्टी सैल झाली म्हणून तो स्नोशू काढला, आणि मोकळा पाय सहज बाजूला टेकवला. थेट मांडीपर्यंत आत! डावा पाय वर, उजवा खाली, हातात टेकायला काही नाही. सोबतच्यांनी काठ्या आडव्या टाकल्या, त्यांवर जोर देऊन कशीबशी निघाले, तोवर बोटं बधिर झाली होती. तेव्हापासून पट्ट्या गाडीपाशीच, पक्क्या जमिनीवर, दोनदा ओढून बघते.

चालायचं ते पाय जरा फाकवून. चढावर चवड्याखालचे दात बर्फात रुतवायचे. उलटं पाऊल कधी टाकू नका. मागचं टोक अडकतं आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं तर छोटा फेरा घ्यावा. आणि निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाड जॅकेट घालून चढलात तर घाम येतो, आणि थांबलात की तोच घाम अंग गारठवतो.

निम्फ लेकनंतर ड्रीम लेक आणि पुढे एमराल्ड लेक. बेअर लेकपासून जाऊन-येऊन जेमतेम 6 किलोमीटर, चढही सुमारे 200 मीटरच. तरी ही वाट सोपी समजू नका. उन्हाळ्यातली पायवाट बर्फाखाली गडप असते, आणि बाजूचे उतार उभे. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावरून हिमलोट सुटतात. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटर हिवाळ्यात हिमलोटांच्या धोक्याचा रोज अंदाज देतं. सकाळी तो वाचल्याशिवाय आम्ही घर सोडत नाही.

त्या दिवशी अंदाज वाचूनच निघालो होतो. ड्रीम लेक ओलांडल्यावर पायाखालून आवाज आला, धप्प! खोलीत गादी पडावी तसा. बर्फाच्या आतला कच्चा थर खचला की असं होतं. हिमलोटाचा इशाराच तो. कुणी काही बोललं नाही. जिथे होतो तिथूनच मागे वळलो, एमराल्ड लेक न बघता.

परतताना निम्फ लेकपाशी माझा तो मांडीएवढा खड्डा दिसला. वाऱ्याने उडवलेल्या बर्फाने तो अर्धा भरत आला होता.