समुद्र कुठे गेला?

नमस्कार. सुट्टीत समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या, तटबंदीच्या गावी जायचं ठरलं की आपण काय काय बघायचं याची यादी करतो. किल्ला, चर्च, जुना बाजार, सूर्यास्त. यादी चांगलीच असते. पण त्या यादीच्या वर एक प्रश्न लिहून घ्या, एवढं सांगायला मी आज इथे उभी आहे. प्रश्न असा: या गावाचा समुद्र कुठे आहे?

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, ईस्ट ससेक्समध्ये राय नावाचं गाव आहे. टेकडीवर वसलेलं, गोट्यांनी बांधलेले चढाचे रस्ते, लाकडी चौकटीची जुनी घरं. मर्मेड स्ट्रीट बघायला लोक लांबून येतात, आणि तो रस्ता खरोखरच तेवढा सुंदर आहे. मीही आधी तिथेच गेले. मग टेकडीच्या कडेला, तेराव्या शतकातल्या इप्र टॉवरपाशी पोचले. टॉवरखाली छोटी बाग आहे, तिथे तोफा मांडल्या आहेत. तोफेच्या तोंडासमोर काय असेल? गवत. लांबवर सपाट हिरवं गवत, नदीची बारीक रेघ आणि चरणाऱ्या मेंढ्या. समुद्र आज तिथून सुमारे 3 किलोमीटरवर आहे. त्या क्षणी मला वाटलं, गाव तर पाहिलं, पण ते कशासाठी उभं होतं हे अजून कळलेलंच नाही.

मध्ययुगात या टेकडीच्या जवळजवळ चारही बाजूंना भरतीचं पाणी होतं. इंग्लंडच्या राजाकडे तेव्हा कायमचं आरमार नव्हतं. ते काम किनाऱ्यावरच्या बंदरांच्या एका संघाकडे होतं, त्याला सिंक पोर्ट्स म्हणत: हेस्टिंग्ज, न्यू रॉमनी, हाइद, डोव्हर आणि सँडविच. राय आणि विंचेल्सी ही दोन गावं पुढे त्यात आली. या सगळ्यांनी मिळून राजाला वर्षातून 15 दिवस 57 जहाजं द्यायची, प्रत्येक जहाजावर 21 माणसं आणि एक पोरगा. बदल्यात करांत सूट आणि स्वतःची न्यायालयं. त्या एका पोरग्याचा हिशेब सनदेत लिहिलेला आहे, हे मला फार जवळचं वाटतं. मर्मेड स्ट्रीटवर चढताना मी त्याचाच विचार करत होते, की कुठल्या घरातून निघाला असेल.

जो समुद्र मीठभाकर देतो तोच दारात शत्रूही आणून सोडतो. 1377 साली फ्रेंचांनी राय लुटलं, जाळलं आणि चर्चच्या घंटा उचलून नेल्या. पुढच्या वर्षी राय आणि विंचेल्सीची माणसं गलबतं घेऊन फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेली आणि घंटा परत घेऊन आली, असं गावात अजून सांगतात. आता हेच साल धरून एड्रियाटिक समुद्राकडे चला. 1377 सालीच, आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोव्हनिक या बंदराच्या शहराच्या महासभेने ठरवलं की साथीच्या मुलखातून आलेल्यांनी शहरात शिरण्याआधी जवळच्या बेटांवर किंवा शेजारच्या त्सावतात गावी महिनाभर थांबायचं. क्वारंटीनची जगातली पहिली लेखी तरतूद म्हणून तिचा उल्लेख होतो. एक गाव जळालं, दुसऱ्याने दारात आलेल्यांना ताटकळत ठेवायचा नियम केला, आणि भीती दोघांची एकच: क्षितिजावर दिसणारं शीड काय घेऊन येतंय? दुब्रोव्हनिकच्या 1,940 मीटर तटावरून फेरी मारताना सगळे आतल्या लाल कौलांकडे बघतात. तुम्ही थोडा वेळ पाठ फिरवून बाहेर बघा. तट बांधणाऱ्यांचे डोळे तिकडे होते.

मग रायचा समुद्र गेला कुठे? याचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

1287 मध्ये एक भयंकर वादळ झालं. जुनं विंचेल्सी गोट्यांच्या लांब पट्टीवर वसलेलं होतं, ते आधीपासून पाण्याने पोखरलेलं होतंच, ते बुडालं. रॉदर नदी त्याआधी न्यू रॉमनीपाशी समुद्राला मिळत असे. वादळाने तिचं मुख गाळाने बुजवलं आणि नदी वळून रायपाशी आली. म्हणजे एका वादळात एक गाव नाहीसं झालं, एक बंदर कोरडं पडलं आणि तिसऱ्याचं नशीब उघडलं.

पण रायचं भाग्यही टिकलं नाही, आणि त्यात माणसाचा हात होता. भरतीला खाडीत जेवढं पाणी शिरतं, तेवढं ओहोटीला परत फिरतं आणि जाताना तळचा गाळ ओढून नेतं. ही रोज दोनदा होणारी झाडलोट आहे, तिच्यावरच बंदर खोल राहतं. आसपासच्या जमीनमालकांनी खाजणांत बांध घातले, खारं पाणी अडवलं. जमिनीवर चांगलं गवत आलं, मेंढ्या आल्या. पण भरतीला पसरायला जागाच उरली नाही, तेव्हा परतणारं पाणी घटलं आणि गाळ जागच्या जागी बसू लागला. बाहेरून लाटा किनाऱ्याच्या कडेकडेने गोटे सरकवतच होत्या. अठराव्या शतकात नवं बंदर खोदायचा प्रयत्न झाला, त्यात कित्येक दशकं गेली. ते 1787 साली उघडलं आणि त्याच वर्षी सोडून द्यावं लागलं. इप्र टॉवरवरून मला दिसलेल्या मेंढ्या या गोष्टीतल्या नुसत्या देखाव्यापुरत्या नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रायपासून विंचेल्सी अगदी जवळ आहे, जरूर जा. बुडालेल्या गावाच्या बदली पहिल्या एडवर्ड राजाने टेकडीवर नवं गाव आखून दिलं, काटकोनातले सरळ रुंद रस्ते. आज तिथे एवढी शांतता असते की रस्ते गावापेक्षा मोठे वाटतात. खरं गाव जमिनीखाली आहे. घरांखाली दगडी कमानींची तळघरं आहेत, तीसहून अधिक, फ्रान्समधल्या गॅस्कनीहून येणारी वाइन साठवायला बांधलेली. बंदर गाळाने भरलं, वाइन यायची थांबली. तळघरं तेवढी राहिली.

माझं मत असं की आपण ज्याला ‘छान जपलेलं गाव’ म्हणतो ते पुष्कळदा व्यापार उठून गेलेलं गाव असतं. जहाजं येत राहिली असती तर वखारी वाढल्या असत्या, अरुंद गल्ल्या पाडून धक्के झाले असते. फ्रान्समधलं एग-मॉर्त पाहा. फ्रान्सचा राजा नववा लुई याला भूमध्य समुद्रावर स्वतःचं बंदर हवं होतं, म्हणून दलदलीत हे गाव उभं केलं. नावाचा अर्थच ‘मेलेलं पाणी’. 1248 आणि 1270 च्या धर्मयुद्धांना तो इथूनच निघाला. पुढे 1481 मध्ये प्रोव्हान्स प्रांत आणि त्याबरोबर मार्सेयचं मोठं बंदर फ्रान्सकडे आलं, कालवे गाळाने भरत गेले आणि गावाची गरज संपली. तट मात्र जवळजवळ जसाच्या तसा उभा आहे, आणि त्याच्या दक्षिणेला आता मिठागरं आहेत.

तेव्हा तुम्ही जाल तर थोडं असं करा. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा आणि एकच कोपरा दोन्ही वेळी पाहा. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. दिवसाचे पाहुणे गेल्यावर रस्त्यांची रुंदी, उतार, कुठली गल्ली धक्क्याकडे उतरते, हे सगळं दिसायला लागतं. आणि गाव ते समुद्र हे अंतर पायी चाला. रायहून रिकाम्या रानातून निघालात की वाटेत कॅम्बरचा किल्ला लागतो. आठव्या हेन्रीने बंदराच्या तोंडाशी, पाण्याला लागून बांधलेला. शंभर वर्षांच्या आत समुद्र मागे सरकला आणि 1637 मध्ये किल्ला मोडीत काढला गेला. आज तो रानाच्या मधोमध आहे, एकही लाट ऐकू येत नाही. तिथून पुढे गोट्यांची रास लागते आणि मग एकदम वारा अंगावर येतो.

एक दिवस हाताशी उरला तर न्यू रॉमनीला जा, सेंट निकोलसच्या चर्चमध्ये. आत शिरायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, कारण 1287 च्या वादळाने आणलेल्या गाळाने बाहेरची जमीन उंच झाली आणि चर्च आपल्या जुन्या पातळीवर राहिलं. आत गेल्यावर खांब पाहा. खालच्या भागात, एका ठरावीक उंचीपर्यंत, दगडाचा रंग वेगळा आहे. पाणी तिथवर चढलं होतं.