दोनदा सोडलेलं गाव

[दृश्य: तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट. पहाट. ट्रकची मागची फळी उघडते.]

निवेदन:
फळी पडली की माथाडींच्या, म्हणजे डोक्यापाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांच्या टोळीतले दोघं वर चढतात. बाकीचे खाली पाठ देऊन उभे राहतात. डोक्याला टॉवेल, त्यावरून मानेपर्यंत सोडलेला पोत्याचा दुमडलेला तुकडा. वरच्यानं हूक अडकवून गोणी कडेला ओढायची, खालच्यानं वाकून ती मानेमागे घ्यायची आणि मध्ये कुठेही न थांबता थेट गाळ्यात नेऊन थप्पीला लावायची. ही गोणी पन्नास किलोची. जुन्या लोकांनी शंभर किलोची पोती वाहिली. त्यांच्या मानेखालचे घट्टे अजून गेलेले नाहीत.

या बाजारात कुणालाही गाव विचारा. पाटण, जावळी, शिराळा, भोर, जुन्नर अशीच नावं ऐकू येतील. आपण बोलणार आहोत सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीकडच्या माणसांबद्दल. या माणसांनी गाव दोनदा सोडलं. पहिल्या खेपेला बापई गडी मुंबईला गेले, बायकापोरं गावातच राहिली. दुसऱ्या खेपेला अख्खं बिऱ्हाड नवी मुंबईत आलं. काय मिळालं आणि काय गेलं, हे या दोन खेपा वेगळ्या धरल्या तरच कळतं.

[दृश्य: कोयना खोरं. शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी, वर उतारावरची शेतं.]

निवेदन:
इथे पाऊस मरणाचा पडतो आणि दिवाळीनंतर प्यायच्या पाण्याची ओढ लागते. उतारावर नाचणी, वरी. चांगली भातखाचरं होती ती खाली नदीकाठाला. साठच्या दशकात कोयना धरण झालं आणि ती खाचरं पाण्याखाली गेली. काही गावं वर डोंगराला सरकली, काही दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, घरं पडली. या खोऱ्यातल्या पाण्यावर तयार झालेली वीज राज्यभर गेली. तिच्या मागोमाग खोऱ्यातली तरणी पोरंही गेली. मुंबईला जाण्याची वाट त्याआधीपासून होतीच, आता तिच्यावर गर्दी वाढली.

[दृश्य: मशीद बंदर. अरुंद गल्ली, हातगाड्या, जुन्या इमारतीचा लाकडी जिना.]

निवेदन:
मुंबईत उतरलेल्या पोराला पत्ता एकच ठाऊक असायचा, गावाच्या खोलीचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली किंवा पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं धरलेली ती खोली. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची एक. कपडे, पोस्टकार्डं, गावाहून आलेली चटणी सगळं त्या पेटीत. झोपायला पथारीपुरती जागा, तीही पाळीनं. जेवण खानावळीत. नव्या पोराला कुणीतरी मुकादमाकडे घेऊन जायचं, आधी बदलीवर आणि मग टोळीत जागा मिळायची. कुणाचं आजारपण निघालं तर पैसे खोलीतूनच उभे राहायचे. इतकी माणुसकी गावातसुद्धा रोजच्या व्यवहारात दिसत नसेल. पण त्या खोलीत बाईमाणसाला आणि लेकराला जागा नव्हती.

मग शेत कुणी केलं? गुरं, म्हातारे सासूसासरे, पावसात गळणारं छप्पर आणि उन्हाळ्यात डोंगराखालून वर आणायचं पाणी, हे सगळं कुणी ओढलं? मनीऑर्डर यायची, ती बायकांना मोलाची होती. पण नवरा दिसायचा गावच्या यात्रेला आणि पेरणीला, तेही रजा मिळाली तर. कित्येक लेकरांना आपला बाप पाहुण्यासारखा वाटायचा. मुंबईत ओझं वाहणाऱ्यांच्या कष्टावर भाषणं झाली, कायदे झाले. गावात राहिलेल्या त्यांच्या बायकांच्या कष्टाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही, म्हणून ती इथे करतो आहोत.

[दृश्य: अण्णासाहेब पाटील यांचा पुतळा. २५ सप्टेंबर, जयंतीचा माथाडी मेळावा.]

निवेदन:
मुंबईनं या माणसांना दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. त्याआधी हमालाला मालकच नसायचा. व्यापारी म्हणायचा, हा माझा माणूस नाही. काम केलं तर हमाली, पडला तर घरी. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या विखुरलेल्या टोळ्या एकत्र बांधल्या आणि कायदा पदरात पाडून घेतला. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम, माथाडी बोर्डात भरायची. बोर्डानं कामगाराला पगार द्यायचा, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युईटी, बोनस, दवाखाना बघायचा. ज्याला ठरलेला मालक नाही अशा अंगमेहनतीच्या माणसाला हे संरक्षण देणारा कायदा देशात आधी महाराष्ट्रानं केला. गावात राहून ही माणसं एवढ्या संख्येनं एकत्र आली नसती आणि हा कायदाही झाला नसता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य: कोपरखैरणे. माथाडी वसाहतीतली बैठी घरं, काहींवर चढलेले मजले.]

निवेदन:
दुसरी खेप बाजारामुळे घडली. दक्षिण मुंबईतली कोंडी फोडायला घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. १९८० नंतर आधी कांदा-बटाटा, मग मसाला आणि धान्य, आणि १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळं तुर्भ्याला आली. बाजाराबरोबर टोळ्या आल्या आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींसाठी छोटी घरं बांधली. ठाण्याहून इकडे यायला तेव्हा रेल्वेही नव्हती, ती धावायला २००४ उजाडलं. घर इवलंसं होतं, पण त्याला स्वतःचं दार आणि आत स्वतःचा नळ होता.

त्या नळासाठी बायका आल्या. पोरांना शाळेत घातलं, मुली वाशीच्या कॉलेजात गेल्या. हमालाची मुलगी बँकेत, नर्सिंगमध्ये, महापालिकेच्या शाळेत नोकरीला लागली. दुसऱ्यांदा गाव सोडल्याचा सगळ्यात मोठा फायदा बायकांना झाला, आणि तो त्यांच्या हक्काचा होता.

ही घरं ज्या जमिनीवर उभी राहिली ती आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं होती, हेही सांगायला हवं. त्यांनी गाव सोडलं नाही, शहरच त्यांच्या शिवारात आलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच माणसांचा गोळीबारात जीव गेला. कोपरखैरणे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून प्रत्येक सेक्टरच्या जागी कुणाचं शेत होतं ते सांगता येतं.

[दृश्य: पाटण तालुका. स्लॅबचं नवं घर, कुलूप. बाजूला पडीक शेत.]

निवेदन:
पुरुष खोलीत राहत होते तोवर पैसा गावाकडे जात होता, शेत पिकत होतं, शाळा भरत होती. बिऱ्हाडं उठली आणि गाव ओसरलं. आता वाडीत दिसतात ती स्लॅबची रंगवलेली घरं आणि त्यांची कुलपं. जिथे कसायला माणूस आहे तिथे गवे, वानरं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत. शाळेचा पट घटतो आहे. गावात राहून शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. आईबाप विचारतात, नवी मुंबईत खोली आहे का?

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बहुतेक काळ चालू होता, माथाडी कामावर होते. जे गावी गेले त्यांना आधी शाळेत ठेवलं गेलं. भीती खरी होती आणि गावानं केलं ते चुकीचं नव्हतं. तरीही ज्याच्या पैशानं देवळाचा कळस चढला, त्याला आपल्या वाडीबाहेर चौदा दिवस थांबावं लागलं, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही.

[दृश्य: कोपरखैरणे, रविवार. गावाच्या मुंबई मंडळाची बैठक. वही, पावतीपुस्तक.]

निवेदन:
आता गावचे बरेच निर्णय इथे होतात. यात्रेची वर्गणी, पालखीचा मान, सभामंडपाची फरशी. पैसा इथला, म्हणून शब्दही इथला. गावात उरलेली माणसं बहुतेक म्हातारी, त्यांना फोनवरून कळवलं जातं. त्यांचं मागणं साधं आहे: उन्हाळ्यात टँकरची वाट बघायला लागू नये, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी मिळावी, शेताला कुंपण व्हावं. सभामंडप दोन वर्षांनी झाला तरी देव रागावणार नाही. मंडळांनी यंदाच्या यादीत पाणी, गाडी आणि कुंपण वर घ्यावं, आणि बैठक एकदा तरी गावात, त्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर घ्यावी.