उसनं सूत

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सकाळ. यंत्रमागांचा खडखडाट.)

माग आपला, शेड आपली, वीजबिल तर हमखास आपलं. पण सूत शेठचं आणि तयार माल उचलणाराही शेठच, मग मजुरीचा दर कोण ठरवणार? सोलापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या बझफीड नावाच्या, इंटरनेटवर करमणूक आणि बातम्या देणाऱ्या कंपनीला ते उमगायला पंधरा-सोळा वर्षं गेली.

न्यूयॉर्क, 2006. हफिंग्टन पोस्ट या बातम्यांच्या साइटच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जोना पेरेटीने एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली. तीच ही बझफीड. शोधायचं होतं एवढंच, की माणूस एखादी गोष्ट बघून पुढे का पाठवतो? मांजरांचे फोटो, याद्या, 'तुम्ही नेमके कोणत्या स्वभावाचे' छापाच्या प्रश्नमंजुषा. लोक पाठवत सुटले. आणि पाठवायचे कुठे, तर बहुतेक फेसबुकवर.

(दृश्य : रंगवलेल्या सुताच्या लडी उन्हात वाळत घातलेल्या.)

फेब्रुवारी 2015 आठवतो? एका ड्रेसचा फोटो. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी, आणि घराघरांत भांडणं. तो फोटो जगभर पसरवला बझफीडने. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एखाद्या सूत रंगवणाऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "उजेडात आणा की हो." ड्रेस निळा-काळाच होता. पण तो उजेडात आणायचा नाही, सगळा धंदा त्यातच होता.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, बझफीडचे दोन कर्मचारी कॅमेऱ्यासमोर एका कलिंगडाला रबर बँड चढवत बसले. एक, दोन, शंभर, पाचशे. पाऊण तासाने कलिंगड फुटलं. त्या क्षणी 8 लाखांहून जास्त लोक ते थेट पाहत होते. हसू नका. 15 जून 2023 ला आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तो व्हिडिओ एकदाच पाहिला?

बघणारे वाढले तसा पैसा आला. एनबीसी युनिव्हर्सल या अमेरिकेतल्या बड्या माध्यम कंपनीने 2015 मध्ये 20 कोटी डॉलर गुंतवले, पुढच्या वर्षी आणखी तेवढेच.

(दृश्य : चादरीवरचं लेबल, अगदी जवळून.)

भानगडी त्याआधीच सुरू झाल्या होत्या. 2014 मध्ये बझफीडच्याच एका लेखकाचे सुमारे पाचशे लेख तपासले, तर 41 ठिकाणी उचललेली वाक्यं सापडली. त्याला काढून टाकलं. पानिपतचा माल 'सोलापुरी चादर' म्हणून विकताना पाहिलेल्या गावाला यात नवल ते काय! दुसरं प्रकरण मला जास्त बोचतं. 2015 मध्ये डव्ह साबणाच्या जाहिरातीवर टीका करणारा लेख साइटवरून गायब झाला. डव्हची मालक कंपनी बझफीडची जाहिरातदार होती. बोभाटा झाल्यावर संपादक बेन स्मिथने लेख परत लावला, आणि आपण चुकलो असं कबूल केलं.

(दृश्य : सात रस्ता. गळ्यात ओळखपत्र, हातात स्वतःच्या चॅनलचा माइक घेतलेला एक तरुण.)

हा आमच्या गावातला एक यूट्यूब चॅनलवाला. बातमीदार, कॅमेरामन, संपादक, सगळं तोच. त्याला डव्हची गोष्ट सांगितली. तो हसला. "सर, आमच्याकडं साबण नसतो, वाढदिवस असतो. साहेबांच्या शुभेच्छांची जाहिरात घेतली, की महिनाभर त्यांच्या वॉर्डातली गटारं तुंबत नाहीत."

बझफीडला नुसती करमणुकीची दुकानदारी म्हणावं, तर तेही खरं नाही. कलिंगडाच्या पैशांवर तिने खरी बातमीदारी पोसली. जानेवारी 2017 मध्ये ट्रम्प यांच्याबद्दलचं 35 पानी गोपनीय टिपण तिने जसंच्या तसं छापलं. यातल्या आरोपांची खातरजमा झालेली नाही, असं सांगून छापलं. ट्रम्प यांनी तिला कचऱ्याचा ढीग म्हटलं. खटला झाला, कोर्टात बझफीड जिंकली. तरी माझं मत विचाराल, तर खातरजमा न करता छापणं म्हणजे वाचकाच्या अंगावर टोपली रिकामी करणं.

पण त्याच कंपनीचं चीनमधल्या शिनजियांग प्रांतावरचं काम बघा. बायडू या चिनी कंपनीच्या ऑनलाइन नकाशावर काही ठिकाणी नुसते करडे चौकोन दिसायचे. मेघा राजगोपालन, ॲलिसन किलिंग आणि क्रिस्टो बुशेक या तिघांनी उलटा विचार केला. जिथे झाकलंय, तिथेच काहीतरी असणार. ते चौकोन उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहिले, सुटून आलेल्या माणसांशी बोलले, आणि तिथल्या उइगर मुसलमानांना डांबलेल्या छावण्या शोधून काढल्या. 2021 मध्ये पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं.

(दृश्य : थांबलेला माग. अर्धवट चादर.)

तोवर शेठने दर बदलला होता. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने ठरवलं, की आधी मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट दाखवायच्या, बातम्या मागे. जाहिरातींचा मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडेच जात होता. 2019 च्या सुरुवातीला बझफीडने 15 टक्के माणसं कमी केली. डिसेंबर 2021 मध्ये शेअर बाजारात उतरली, आणि शेअर घसरत गेला. एप्रिल 2023 मध्ये तिचा बातम्यांचा विभाग, बझफीड न्यूज, बंद. पुलित्झरला दोन वर्षंही झाली नव्हती. प्रश्नमंजुषा मात्र चालूच राहिल्या, आता एआयच्या मदतीने.

(दृश्य : पुन्हा तो तरुण. चहाची टपरी.)

"फेसबुकवर रीच पडला की संपलं, सर," तो म्हणतो. "पाण्याच्या बातमीला तीन दिवस पाइपलाइनच्या कडेनं हिंडलो. कुणी बघितली नाही. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा टाकला, तर तुफान." मग खिशातून फोन काढून दाखवतो. त्याने आता गल्लीगल्लीचे व्हॉट्सॲप ग्रुप केलेत. अशोक चौक, कन्ना चौक, नवी पेठ. बातमी थेट तिथेच टाकतो.

"हे आपलं स्वतःचं. इथं मधे कुणी नाही."

व्हॉट्सॲपसुद्धा फेसबुकच्याच मालकाचं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले.