पकड जास्त झाली तर

[दृश्य: क्रीडागृह. बॅडमिंटनच्या रेषांवरून कार्पेटची गुंडाळी उलगडत जाते.]

इंग्लंडमधला हिवाळा. बाहेरचे ट्रॅक ओले, पाच वाजायच्या आत काळोख. अशा दिवसांत रिमोटवरच्या गाड्यांचे क्लब गावातलं क्रीडागृह भाड्याने घेतात. कार्पेट अंथरायचं, सांध्यांवर चिकटपट्टी मारायची, लाकडी रॅम्प मांडायचे, की तासाभरात ट्रॅक तयार. शर्यत पाच मिनिटांची.

टेबलावर आहे ती दहास एक प्रमाणातली, फक्त मागच्या चाकांना जोर मिळणारी बगी. वजन दीड किलोच्या आसपास. हिचे पूर्वज वाळू-मातीतले. जपानच्या तामिया कंपनीची सँड स्कॉर्चर १९७९ची. टीम असोसिएटेड कंपनीची सोनेरी ॲल्युमिनियम चॅसीची (चॅसी म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा) आरसी-१० आली १९८४ साली, कॅलिफोर्नियातून. तिथल्या मातीवर सगळी धडपड असायची ती पकड मिळवण्यासाठी. लांब हलणारे शॉक (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या), मऊ स्प्रिंगा, मोटर पार मागच्या आसाच्या पाठीमागे, म्हणजे मागच्या चाकांवर वजन पडेल.

कार्पेटवर दुखणं नेमकं उलटं. इथे पकड इतकी, की वेगात वळणारी बगी घसरत नाही, बाहेरच्या पुढच्या चाकावर अडखळते आणि कोलांटी खाते.

[दृश्य: संथ गतीत. बाहेरचं पुढचं चाक रुततं, आतली दोन्ही चाकं उचलली जातात.]

नीट पाहा. आधी पुढचं टोक चावलं, मग अंग कललं, मग गाडी गेली. नवखा माणूस हे बघतो आणि मागचे शॉक उघडून बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! उलटणाऱ्या गाडीत आधी पुढच्या टायरकडे जायचं.

[दृश्य: टायर अगदी जवळून.]

मागे बारीक, दाट रबरी टाचण्यांचा टायर. ब्रिटनमध्ये शूमाखर कंपनीचा पिवळ्या रबराचा मिनी पिन हा इतका रुळलेला, की 'पिवळे लाव' एवढंच सांगितलं तरी पुरतं. पुढे त्याच घरचा कट स्टॅगर, त्याला टाचण्यांऐवजी गोलाईत जाणाऱ्या तुटक पट्ट्या. अगदी कोरा टायर पहिल्या काही फेऱ्यांत बिचकतो. टाचण्यांच्या कडा जरा मोडल्या, की गाडी शांत होते. झिजून टाचण्या गोल झाल्या, की मात्र मागचं टोक सुटायला लागतं, आणि तेव्हा कुठलीही स्प्रिंग कामाला येत नाही.

टायर रिमवर चिकटवण्याआधी दोन्ही पुसून घ्यायचे. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर चिकटवलेली कड पहिल्याच धडकेत उकलते. पातळ सुपरग्लू एकेका बाजूने, चार ठिकाणी थोडा थोडा. रिममध्ये हवेसाठी भोक हवंच. नाहीतर कोंडलेल्या हवेवर गाडी रॅम्पवरून उतरताना चेंडूसारखी उसळते.

आता कोलांटीचा उपाय. पुढच्या टायरच्या बाहेरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, सुपरग्लूचा पातळ थर फिरवायचा. वाळू द्यायचा, मग दुसरा. गाल कडक होतो, आणि गाडी कलली की ती कड कार्पेटला चावण्याऐवजी सरकते. थर शेवटच्या पट्टीपर्यंतच. तळव्यावर ओघळला, तर त्या टायरला सरळ रस्त्यावरही पकड राहणार नाही. टायरला रसायन लावून पकड वाढवायची युक्तीही आहे, पण बऱ्याच हॉलमध्ये तिला बंदी असते. कार्पेटवर तिची गरज कमीच पडते म्हणा.

[दृश्य: सपाट पाटीवर बगी, खाली पायऱ्यांची मोजपट्टी.]

दुसरी गोष्ट, उंची. बॅटरी आणि बॉडीसकट, म्हणजे शर्यतीला निघेल तशीच गाडी पाटीवर ठेवायची. दहा सेंटिमीटरवरून सोडायची, आणि जिथे बसेल तिथे मोजायची. मातीवर २२-२३ मिमी चालतात. कार्पेटवर १८ ते २०, पुढे-मागे सारखी. गुरुत्वमध्य खाली गेला, की कलणं आपोआप घटतं. पण १८च्या खाली हावरेपणा केला, तर रॅम्पवरून उतरताना चॅसी आपटते आणि त्याच क्षणी चाकांवरचा भार जातो.

चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कँबर, पुढे उणे एक अंश, मागे उणे एक ते दोन. मागची चाकं आत वळलेली, एका बाजूला तीन अंश. हे तीन सहसा कोणी हलवत नाही, आणि हलवूही नये. पुढची चाकं सरळ, फार तर अर्धा-एक अंश बाहेर.

[दृश्य: दोन शॉक, तेलाची बाटली, कागदी रुमाल.]

सगळ्यात जास्त वेळ शॉकवर जातो, आणि तो जायलाच हवा. तेलाच्या बाटलीवर दाटपणाचे दोन तऱ्हेचे आकडे असतात. 'वेट' हा आकडा कंपनीगणिक बदलतो. सेंटीस्टोक या एककातला आकडा धरून चालायचं. असोसिएटेडच्या मोजणीत ३० वेट म्हणजे ३५०, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. कार्पेटवर सुरुवातीला पुढे ४५०, मागे ४००. पिस्टनला दोन भोकं, पुढे १.६ मिमीची, मागे १.७.

दांडा पूर्ण बाहेर ओढून नळी तेलाने भरायची. मग पिस्टन हळू वर-खाली, दहा वेळा. तेल ढवळायचं नाही, फक्त हलवायचं. बघा, पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे सुटतायत. ते वर येऊन फुटेपर्यंत पाच मिनिटं शॉक उभा ठेवायचा. घाई केली, तर झाकण लावल्यावर दांडा दाबताना पचपच आवाज येतो. तो आवाज म्हणजे आत हवा राहिली. खोलायचा, परत भरायचा. झाकणाला बारीक स्क्रू असेल, तर तो सैल ठेवून दांडा आत ढकलायचा, जास्तीचं तेल बाहेर येऊ द्यायचं आणि मग स्क्रू आवळायचा.

आता जोडी जुळवायची. दोन्ही शॉक समोरासमोर, दांड्यांची टोकं एकमेकांना टेकवून दाबायचे. दोन्ही दांडे एकाच वेगाने आत गेले पाहिजेत. एक आधी गेला, तर त्यात तेल कमी. मग कॅलिपरने लांबी. जोडीत अर्ध्या मिमीचा फरक असेल, तर गाडी एका बाजूला छान वळते, दुसऱ्या बाजूला नाही, आणि माणूस दिवसभर स्टिअरिंगचं ट्रिम, म्हणजे चाकं सरळ करायचं रिमोटवरचं बटण, फिरवत बसतो.

[दृश्य: पात्याच्या टोकावर गाडीचं नाक.]

चॅसीचा पीळ पाहायची ही रीत. पातं नाकाखाली बरोबर मध्यावर धरून हळू उचलायचं. दोन्ही पुढची चाकं एकदमच सुटली पाहिजेत. एक मागे राहिलं, तर स्प्रिंगची चकती फिरवण्याआधी अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजू जोडून कलणं रोखणारी तार, पाहायचा. त्याचे दोन्ही दुवे सारख्या लांबीचे हवेत, आणि शॉक काढल्यावर बार कुठे अडकता कामा नये. पुढे १.२ ते १.४ मिमीची तार बहुतेक ठिकाणी पुरते.

एवढं करूनही गाडी कलतच असेल, तर वरच्या कँबर दुव्याच्या, म्हणजे चाकाचा तिरपेपणा ठरवणाऱ्या दांडीच्या, आतल्या टोकाखालची एक मिमीची वॉशर काढायची. रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, वर जातो, कलणं कमी होतं. वॉशर दोन्ही बाजूंची काढायची. हसू नका, एकाच बाजूची काढलेल्या गाड्या ट्रॅकवर दिसतात.

[दृश्य: उघडा डिफरन्शियल, छोटा वजनकाटा.]

डिफरन्शियल, म्हणजे वळणात मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, दातांचा असेल, तर आत सिलिकॉन तेल, कार्पेटवर ५००० ते १०००० सेंटीस्टोक. पातळ तेलावर आतलं हलकं झालेलं चाक नुसतंच फिरतं आणि वळणातून निघताना जोर वाया जातो. फार घट्ट झालं, तर गाडी वळायलाच कुरकुरते आणि गॅस दिला की मागून एकदम फेकते. आतल्या छोट्या गिअरांची आडवी पिन जेमतेम बुडेल एवढंच भरायचं. काठोकाठ भरलं, तर गरम झालेलं तेल सील ढकलून बाहेर येतं. भरलेला डिफ प्रत्येक वेळी काट्यावर तोलायचा. मागच्या वेळचाच आकडा आला, तर गाडीही मागच्यासारखीच चालेल.

मोटर आणि गिअर. स्पर (मोठा गिअर) ८१ दाती, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) २३, गिअरबॉक्सच्या आतलं गुणोत्तर २.६. ८१ भागिले २३, गुणिले २.६, म्हणजे ९.१६. साडेसात टर्नच्या, म्हणजे तारेच्या तेवढ्या वेढ्यांच्या, वेगवान मोटरला हे बरं. साडेसतरा टर्नची मंद मोटर असेल, तर ७२ ला २६, म्हणजे ७.२. दोन गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची. पट्टी बाहेर काढली, की उरते ती योग्य फट. शर्यतीनंतर मोटर ७० अंशांच्या वर दिसली, तर पिनियन एक दातीने लहान. गॅस सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. जास्त असेल, तर वळणात शिरताना मागचं टोक फिरतं.

एका वेळी एकच बदल, मग निदान पाच फेऱ्या, मग कागदावर नोंद. दोन बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला ते कोणालाच सांगता येत नाही.

[दृश्य: शेवटची शर्यत संपली. गाडी उलटी टेबलावर.]

लिथियम पॉलिमर बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून अग्निरोधक पिशवीत. टायर पुसून झाकायचे. आणि मागच्या हबमध्ये, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, आसाभोवती, टॉर्च मारून बघायचं. करडा धागा दिसतोय? कार्पेटचे तंतू फिरत्या आसाला गुंडाळत बेअरिंगच्या सीलखाली शिरतात. चाक काढायचं, धारदार पात्याने गुंडाळी एका जागी कापायची आणि चिमट्याने ओढायची. बहुतेक वेळा सगळी एकाच कड्यात निघते.