खुर्चीखालचा कागद

मित्रहो, सकाळी हातचलाखीचे खेळ, दुपारी मूकपट. मधल्या चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलं, या दोन गोष्टी एकाच दिवसात कशाला आणल्या? सोलापूरकर शंका मनात ठेवत नाहीत, ते बरंच आहे. त्या शंकेवरच बोलतो.

दुपारचा पहिला, जेमतेम मिनिटाभराचा चित्रपट आठवा. १८९६ सालचा, जॉर्ज मेलिएसचा. मेलिएस मुळात जादूगार. पॅरिसमधलं रॉबेर-उदँ थिएटर त्यानं १८८८ मध्ये विकत घेतलं होतं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिए बंधूंनी चित्रपटाचा खेळ केला तेव्हा तो प्रेक्षकांत होता, आणि पुढच्याच वर्षी रंगमंचावर गाजलेली बाई गायब करण्याची जादू त्यानं कॅमेऱ्यासमोर केली. आधी तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो. त्यावर खुर्ची, खुर्चीवर बाई, बाईवर कापड. कापड ओढलं, खुर्ची रिकामी!

रंगमंचावर तो कागद असायचा तो खाली चोरदार नाही हे पटवायला. अर्थात चोरदार असायचंच. पण कॅमेऱ्यापुढे त्याची गरजच उरली नव्हती. कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, पुन्हा हँडल फिरवलं, मधला तुकडा कापून फिल्म जोडली, संपलं काम. तरीही मेलिएस कागद पसरतो. नुसती जुनी सवय म्हणून? मला तसं वाटत नाही. बघणाऱ्याच्या मनात शंका कुठून शिरते हे त्याला ठाऊक होतं, आणि ती वाट तो आधीच बंद करतो. आज सकाळी इथल्या कलावंतानं अस्तन्या वर सारून दोन्ही तळवे दाखवले, तेही हेच. हात रिकामा आहे हे नीट दिसलं नाही, तर रुपया निघाल्याचं नवल कुणाला वाटणार?

आता आपले दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे शाळेतली पोरंही सांगतात. पण हेच फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करत. केळफा उलटं वाचून बघा. त्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९ चा, आणि बाळकृष्ण झाली ती त्यांची छोटी लेक मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके काय करतात? लेकीचा चेहरा जवळून दाखवतात, त्यावरचे भाव बदलताना दाखवतात, आणि मग त्याच चेहऱ्याचा आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होतो. ही साधी पोर आहे, बघून घ्या, आता हिचा देव करतो. मेलिएसनं पसरलेला कागद तो हाच! फाळक्यांची ही जागा मला त्यांच्या साऱ्या चमत्कारदृश्यांहून मोठी वाटते. यातली फसवणूक इतकी उघड आहे की तिच्यावर भक्ती करावी.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. दुपारी माझ्यामागे एक आजी नातवाला तेलुगूतून गोष्ट सांगत होत्या. थोड्या वेळानं त्या गप्प झाल्या, कारण पोरगंच त्यांना सांगायला लागलं. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत जादूचा खेळ बघायला कुणाला भाषा लागली होती?

पेटी-तबल्याची साथ देणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. आणखी एक, आज पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळाली नाहीत. तेव्हा हातानं हँडल फिरवून सेकंदाला सोळा-अठरा चित्रं घेत. तीच फिल्म चोवीसच्या गतीनं चालवली की गंभीर प्रसंगालाही हशा येतो. आज गती सांभाळली गेली म्हणून तारामतीच्या दुःखात कुणी हसलं नाही.

शेवटी एक विनंती. फाळक्यांचं बरंचसं काम आज हाती उरलेलं नाही. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्याकडे अपुराच आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते, आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. कुणाच्या माळ्यावर जुन्या रिळांचा पत्र्याचा डबा असेल, तर तो उन्हात किंवा दिव्याजवळ नेऊ नका, चिकटलेली फिल्म ओढून उलगडू नका आणि भंगारात तर मुळीच घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. जुन्या तंबू-टॉकीजची हस्तपत्रकं, काचेच्या चित्रपट्ट्या, जादूच्या खेळांच्या जाहिराती असल्या तरी सांगा. मी तासभर इथेच आहे.