पाठीवर अंडी वाहणारा बाप

(दृश्य: गावतळं, काठावर मुलं, पांढरं ताट)

सातपुड्याचा पायथा, तालुका यावल. केळीच्या बागा संपतात तिथलं हे तळं. काठच्या पाणवनस्पतींत चाळणी फिरवली आणि जे आलं ते ताटात ओतलं. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हाई चावस का?"

चावतो, आणि चांगलंच दुखतं. म्हणून हातात घ्यायचा नाही, नुसता बघायचा.

(दृश्य: पाणढेकूण, जवळून)

हा पाणढेकूण. चपटा, तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचा. पाठीवर दाटीनं बसलेली ही अंडी. आणि हा नर आहे, बरं का. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापानं निस्तरायचं. अंडी सतत खोल बुडालेली राहिली तर गुदमरतात, वर राहिली तर सुकतात. त्यामुळे याची सारखी ये-जा: वर येऊन पाठ हवेत काढायची, परत खाली जायचं, मागच्या पायांनी अंड्यांवर पाणी खेळवायचं. पंख अंड्यांखाली अडकलेले, उडायची सोय नाही. ही बघा, अंड्याचं टोपण ढकलून पिल्लं निघाली.

(दृश्य: बेडूकमासा पकडला जातो)

शिकार मात्र निर्दय. पुढच्या पायांनी धरायचं, सोंड खुपसून लाळ सोडायची. मांस आतल्या आत विरघळतं, मग तो ते शोषून घेतो.

हा पाणविंचू. मागची लांब शेपटी म्हणजे नांगी नव्हे, श्वासनळी. तिचं टोक पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो. शेजारी उताणा पोहतोय तो पाठपोह्या. पाठ खाली, पोट वर, एवढी खूण पुरे.

(दृश्य: चतुराचं पिल्लू, संथ गतीत)

चतुराचं पिल्लू गाळात दबा धरून बसतं. डासाची अळी टप्प्यात आली... आता बघा. बाहेर आला तो खालचा ओठ. एरवी तो घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. टाचणी म्हणजे चतुराचीच नाजूक भाऊबंद. तिचं पिल्लू याहून सडपातळ, शेपटीला तीन पातळ पाकळ्या. त्या कल्ल्यांसारख्या कामाला येतात. चतुराचे कल्ले पोटात, मागच्या टोकाशी. तिथलंच पाणी जोरात सोडून तो पुढे झेपावतो.

(दृश्य: पाण्यावर तेलाचा तवंग)

डासांवर उपाय म्हणून डबक्यात जळकं ऑइल ओततात. अळ्या मरतात, पण हवेसाठी वर येणारे पाणढेकूण, पाणविंचूही त्याच तवंगाखाली गुदमरतात. तवंग गेला की डास आठवड्या-दहा दिवसांत नवी पिढी काढतात. शिकाऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात.