एअर इंडिया टाटांकडं परत गेली, मग तिची मुंबईतली इमारत कुणाची?

नमस्कार मंडळी! माझ्या मागं रंकाळा दिसतोय, पण आजची गोष्ट मुंबईच्या समुद्राकाठची आहे.

लहानपणी आमच्या आबांचं मंत्रालयात काम निघालं की आम्ही रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायचो. काम आटपलं की आबा मला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर घेऊन बसायचे. तिथून एका उंच पांढुरक्या इमारतीच्या माथ्यावर धनुष्य ताणलेला, अर्धा माणूस अर्धा घोडा असा एक धनुर्धारी दिसायचा. धनू राशीचं चिन्ह. आबा म्हणायचे, "ते बघ, विमानवाल्यांचं ऑफिस."

तीच ही एअर इंडियाची इमारत. २३ मजली, १९७४ साली पूर्ण झालेली. आराखडा अमेरिकेच्या जॉन बर्गी यांचा. आणि खालची जमीन? तीसुद्धा समुद्रात भराव टाकून केलेली! त्या जागेचं नाव नरिमन पॉइंट. मुंबईतले पुढारी खुर्शेद नरिमन यांनी १९२० च्या दशकात इथल्याच, बॅकबे नावाच्या किनाऱ्यावरच्या भरावातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला होता. भरावाच्या जमिनीला त्यांचंच नाव मिळालं, ही गोष्ट मला फार आवडते.

आता मालकीकडं येऊ. जेआरडी टाटांनी १९३२ साली स्वतः विमान चालवत कराचीहून मुंबईला टपाल आणलं, तिथूनच एअर इंडियाची सुरुवात झाली. पुढं १९५३ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष जेआरडीच होते. म्हणजे इमारत उभी राहिली त्यांच्याच कारकिर्दीत, पण मालकी सरकारची.

१२ मार्च १९९३. मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यातला एक स्फोट या इमारतीत झाला. तिथं रोज कामाला जाणारी माणसं होती हो. त्या धक्क्यानंतरही इमारत उभी राहिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

तिला रिकामं केलं ते तोट्यानं. २०१३ साली मुख्यालय दिल्लीला हललं आणि मजले भाड्यानं जाऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडं परत आली. विमानं आली, कंपनीचं प्रतीक असलेला महाराजा आला, पण नरिमन पॉइंटची इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती केंद्र सरकारकडंच राहिली, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रानं ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारला द्यायला मंजुरी दिली.

माझ्या मते हे चांगलंच झालं. मंत्रालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायला मुंबईभर फिरावं लागू नये, एवढीच माझी अपेक्षा.

आबा आता थकलेत. पण तिथं सरकारी कार्यालयं थाटली की त्यांना एकदा लिफ्टनं वर न्यायचंय, आणि आम्ही बसायचो तो कट्टा वरून दाखवायचाय.